याद तर लिहायचीच आहे

नवरा-बायकोच्या नात्यात करारमदार कशाला, असे म्हणणाऱ्या मंडळींनी आपल्याच घरातली लग्नाची याद आठवून पाहावी. सुपारी फुटली की दोन्हीकडची माणसे सतरंजीवर बसतात. कोऱ्या कागदावर वर ‘श्री’ काढतात, कोपऱ्याला हळदकुंकू लावतात, आणि मग लिहायला सुरुवात होते. मंडप कोणाचा, वऱ्हाड किती येणार, साड्या कोणाला, मानपान कोणाचा. खाली दोन्ही व्याह्यांच्या आणि पंचांच्या सह्या होतात. ‘यादी पे शादी’ ही म्हण काही उगाच पडली नाही. म्हणजे लग्नाआधी लेखी करार करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्या कागदावर दोघांची तेवढी सही नसते, नवऱ्या मुलाची आणि नवरीची. त्यांच्या पुढच्या संसाराबद्दलही त्यात एक ओळ नसते.

अलीकडे शहरी वर्तमानपत्रांत ‘विवाहपूर्व करार’ आणि ‘विवाहोत्तर करार’ असे शब्द वाचायला मिळतात. लग्नाआधी किंवा लग्नानंतर नवरा-बायकोने आपापली मिळकत, कर्ज, दागिने, घर यांचे काय ते लिहून ठेवायचे, असा त्याचा अर्थ. आपल्या वाचक भगिनींना वाटेल, ही सिनेमातल्या माणसांची नाही तर बंगलेवाल्यांची थेरं. मला तसे वाटत नाही. हा विषय खरा शेतकऱ्याच्या घरचा आहे. मी हे पुस्तकात वाचून म्हणत नाही, आमच्या भागात डोळ्यांनी पाहिले म्हणून म्हणते.

मी नागपूरजवळच्या मिहानमधली. मिहान हे काही जुन्या गावाचे नाव नव्हे. विमानतळ आणि मालवाहतुकीच्या मोठ्या प्रकल्पाच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जोडून ते केलेले आहे. त्यासाठी २००२ साली सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सुमारे ४,३०० हेक्टरांची आखणी झाली. शिवणगाव, चिंचभवन, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या बाजूची शेती त्यात गेली. जिथे कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा होत्या, तिथे आज काचेच्या इमारती, एम्सचे मोठे इस्पितळ आणि चौपदरी रस्ते आहेत. खापरीपर्यंत मेट्रो येते. मोबदल्यासाठी आंदोलने झाली, वर्षानुवर्षे फाइली फिरल्या. तो इतिहास मोठा आहे, आज तो सांगत नाही. आज सांगायचे ते घरातले.

जमीन असते तोवर बायकोचा हक्क कागदावर नसला तरी दिसतो. ती निंदायला जाते, कापूस वेचते, बैलाला पाणी दाखवते, घरचे दाणे तिच्या हातून निघतात. शेत तिचे आहे की नाही हे कोणी विचारत नाही. जमिनीचा चेक झाला की मात्र सारे बदलते. चेकवर नाव असते ते सातबाऱ्यावरच्या खातेदाराचे. जिने ३० वर्षे त्या मातीत घाम गाळला, तिचे नाव गाव नमुना सातवर नसेल तर चेकवरही नसते.

आमच्या घरचेच सांगते. खाते सासऱ्यांच्या नावाचे होते. ते वारल्यावर सासूबाई, आमचे मालक, धाकटे भाऊजी आणि नणंदबाई अशी चार नावे चढली. त्या शेतात एक विहीर होती. ती खोदली तेव्हा पैसा कमी पडला, म्हणून माझ्या धाकट्या जावेने आपल्या माहेरचा सोन्याचा गोफ आणि पाटल्या मोडल्या. चांगले पाणी लागले. तिच्यावर संत्र्याची बाग उभी राहिली. साऱ्या गावाला ठाऊक होते की विहीर जावेच्या गोफाची. भूसंपादन झाले तेव्हा जमीन, झाडे, विहीर यांची किंमत वेगवेगळी धरली गेली. विहिरीचे पैसे आले आणि खात्यावरच्या चार नावांत वाटले गेले. जावेचा गोफ चार ठिकाणी गेला, तिच्या हातात काही आले नाही.

यात कोणी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. सरकारने कागदावर जी नावे होती त्यांना पैसे दिले. घरच्यांनी हिशेबाने वाटून घेतले. जाऊ तेव्हा एवढेच म्हणाली, “जाऊबाई, हिर माह्या गोफाची होती, हे साऱ्यायले मालूम हाये. पण मालूम असून काय कराचं?”

दोन वर्षांनी धाकटे भाऊजी अचानक गेले. मनाने चांगला माणूस. पण आलेल्या पैशातला बराचसा त्यांनी एका ओळखीच्या माणसाला प्लॉटच्या धंद्यासाठी दिला होता, तोही नुसत्या शब्दावर. कायद्याने बायको वारस होती. पण वारसाला मिळायला मागे काही उरले पाहिजे ना? आलेल्या माणसांनी चहा पिऊन हळहळ व्यक्त केली. पुढची आठ-नऊ वर्षे जावेने मिहानमधल्या बांधकामावरच्या मजुरांना डबे घातले आणि दोन लेकरे शिकवली.

माझी मुलगी हे सारे पाहतच मोठी झाली. ती परिचारिका झाली, नागपुरात नोकरीला लागली. वर्धेकडचे स्थळ आले. मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत, घरची कोरडवाहू शेती, वडिलांवर सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज. मुलगा चांगला, माणसे साधी. दोघांच्या पगारातून फ्लॅट घ्यायचा असे त्यांच्यात ठरत होते. फ्लॅट अर्थातच मुलाच्या नावाने होणार असे साऱ्यांनी गृहीत धरले होते. एके रात्री भांडी आवरताना मुलगी मला म्हणाली, “आई, लग्नाआधी आम्ही दोघं काही गोष्टी लिहून ठेवणार आहोत. काकूचं पाहिलं ना मी.”

घरात वादळ उठले. हे म्हणाले, “लगन लागाच्या आंधीच काडीमोडाच्या गोष्टी? व्याही काय म्हनतीन?” सासूबाईंनी तर डोक्याला हात लावला. व्याह्यांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनाही लागले. “आमच्यावर विस्वास नसन तं सोयरीक कायले करता?” असा निरोप आला. त्यांचे दुखणे मला समजत होते. गरीब माणसाजवळ शब्दच तेवढा असतो, आणि कागद मागितला की त्याला वाटते आपला शब्द हलका धरला.

तेव्हा माझा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, धावून आला. तो व्याह्यांना म्हणाला, “भाऊ, याद तं लिहाचीच हाये न? मंग तिच्यात चार ओळी जास्त लिहू. दागिने लिहितो, साड्या लिहितो, तं पोट्ट्यायच्या संसाराचं लिहाले काय हरकत?” व्याही गप्प राहिले. पण त्यांचा मुलगा म्हणाला, “बाबा, मलाही लिहायचंच आहे. तुमच्या कर्जासाठी तिच्या पगाराला हात लागणार नाही, हे मीच लिहून देतो.” तिथे गाठ सुटली.

तरी एकदा विचारून घ्यावे म्हणून आम्ही नागपूरला एका अनुभवी वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी जे सांगितले ते साऱ्यांच्या कामाचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वकीलसाहेब म्हणाले, आपल्या हिंदू कायद्यात लग्न हा संस्कार मानला आहे. ‘वेगळे झालो तर तुला इतके, मला इतके’ असा लग्नाआधीचा कागद कोर्टात टिकेल याचा भरवसा धरू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे लोकहिताच्या धोरणाविरुद्ध असलेला करार रद्दबातल ठरतो आणि कोर्टे असे कागद त्यात बसवत आली आहेत. घरजावयाचे जुने उदाहरण त्यांनी दिले. जावयाने लग्नाआधी लिहून दिले होते की बायकोसह सासुरवाडीलाच राहीन. १९०१ साली कलकत्ता हायकोर्टाने तो करार मानला नाही. तसेच ‘मी कधी पोटगी मागणार नाही’ असे बायकोकडून लिहून घेतले तरी तिचा पोटगीचा हक्क जात नाही. पूर्वी हा हक्क फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. म्हणून असल्या कागदावर कोणी मुलीची सही मागितली तर घाबरून जाऊ नये, आणि सहीही करू नये.

मुसलमान समाजात निकाह हा मुळातच करार असतो. निकाहनाम्यात मेहेर लिहिलेला असतो आणि तो बायकोचा हक्काचा पैसा समजतात. आणि आपल्या शेजारच्या गोव्यात तर आणखी वेगळे आहे. बांदा ओलांडून पत्रादेवीचा नाका पार केला की लग्नाचा कायदाच बदलतो. तिथे पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा लागू होता. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी कौटुंबिक बाबतीत तो चालू राहिला. आता मिळकतीचा बराच भाग गोव्याच्या स्वतःच्या, २०१२ साली केलेल्या कायद्यात आला आहे. तिथे लग्नाआधी काही वेगळे लिहिले नाही, तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक होते आणि निम्मी निम्मी धरतात. बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. ज्यांना वेगळे ठेवायचे असेल त्यांनी लग्नाआधीच करार करून रीतसर नोंदवायचा. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सारे तिथे या रीतीत वावरतात, आणि लेखी करार केला म्हणून गोव्यातली लग्ने मोडल्याचे मी तरी ऐकले नाही.

“मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?” मी विचारले. वकीलसाहेब हसले. म्हणाले, “मोडण्याचा करार करू नका. जोडण्याचे कागद करा. ते सगळे कायद्याला मान्य आहेत.”

आम्ही तसेच केले. यादीत मानपानाच्या ओळी कमी केल्या आणि चार कलमे घातली. मुलीला माहेरहून आणि सासरहून मिळालेले दागिने तिचे स्त्रीधन. फ्लॅट दोघांच्या नावाने. वडिलांचे शेतीकर्ज मुलाने आपल्या कमाईतून फेडायचे, आणि त्या शेतीवर मुलीने आज हक्क सांगायचा नाही. दोघांनी आपापल्या आईबापांना मदत करायची, ती एकमेकांना सांगून. खाली मुलाची आणि मुलीची सही झाली, मग पंचांची. वकीलसाहेबांनी आधीच बजावले होते की या यादीवर भिस्त ठेवून बसू नका, प्रत्येक ओळीचा वेगळा पक्का कागद करा. त्याप्रमाणे एकेक केला.

पहिला कागद दागिन्यांचा. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे साऱ्यांना माहीत आहे. पण १९८५ चे नियम थोड्यांनाच माहीत असतात. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करावी, वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे, आणि नवरा-नवरी दोघांनी सही करावी, असे ते नियम सांगतात. स्त्रीधन सासरी ठेवले तरी ते बाईचेच राहते, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच सांगितले आहे. माझ्या जावेजवळ गोफाची अशी एक चिठ्ठी असती, आणि गोफ मोडला त्या दिवशी ‘विहिरीसाठी घेतले’ एवढी एक ओळ कोणी लिहून दिली असती, तर तिला वाटणीच्या वेळी बोलायला तोंड मिळाले असते.

दुसरा कागद घराचा. इथे एक बारीक गोष्ट आहे. बँक कर्ज देताना बायकोची सही सहकर्जदार म्हणून घेते. पुष्कळ मुलींना वाटते, सही केली म्हणजे घर आपलेही झाले. तसे नाही. कर्जाच्या कागदावरची सही म्हणजे देणे, विक्रीखतावरचे नाव म्हणजे मालकी. हप्ता दोघांनी भरायचा असेल तर विक्रीखतावर दोघांचे नाव पाहिजे, आणि कोणाचा हिस्सा किती तेही लिहिलेले बरे.

तिसरे, बँकेचे खाते. जोडखाते काढताना फॉर्मवर एक चौकट असते. ‘दोघांपैकी कोणीही’ असे लिहिले तर एकजण सारे पैसे काढू शकतो. ‘दोघांनी मिळून’ लिहिले तर दोन सह्या लागतात. घरखर्चाला पहिला प्रकार सोयीचा. पण जमिनीचा मोबदला किंवा शेत विकल्याचे पैसे यासारखी मोठी रक्कम असेल तर दुसराच प्रकार ठेवावा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हेही ध्यानात असू द्यावे. तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेणारा.

चौथे, विम्याचे. शेतकऱ्याच्या घरी कर्ज काही चुकत नाही. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचा एक कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमाचा फायदा १९२३ पासून हिंदूंनाही मिळतो. नवऱ्याने आपल्या आयुष्याचा विमा या कलमाखाली बायको-मुलांच्या नावे काढला तर तो पैसा त्यांच्यासाठी राखीव राहतो. नवऱ्याच्या सावकाराला किंवा बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. मात्र विमा काढतानाच तसा फॉर्म भरावा लागतो. देणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलेली चलाखी मात्र कोर्ट चालू देत नाही.

हे सारे मुलीचे झाले. एक दिवस मी यांच्यापुढे आमचा विषय काढला. मोबदल्यातून आम्ही उमरेडकडे चार एकर घेतले आहे. ते यांच्या एकट्याच्या नावाने आहे. हे म्हणाले, “इतके वर्सं संगं राह्यलो, आता कागद कायले पाह्यजे?” मी म्हटले, “इतके वर्षं संगं राहिलो, म्हणूनच मागते. नव्या नवरीनं मागितलं असतं तर तुम्ही म्हणाले असते, हिनं अजून काय केलं?” त्यावर ते काही बोलले नाहीत. आठ दिवस त्यांनी विषय टाळला. नवव्या दिवशी स्वतःच म्हणाले, “चाल, कचेरीत जाऊन येऊ.”

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना शरद जोशींची लक्ष्मीमुक्ती आठवत असेल. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचा प्रचंड मेळावा झाला, आणि पुढच्या काही वर्षांत शेतकरी संघटनेने हा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करायचा. एका गावात १०० जणांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त, आणि शरद जोशी स्वतः त्या गावी जायचे. सरकारनेही १९९२ साली परिपत्रक काढले. नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर त्याच्या नावाबरोबर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावता येते. तलाठ्याकडे विचारावे.

त्याहून पक्का रस्ता बक्षीसपत्राचा. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, दोन साक्षीदार लागतात. २०१५ साली महाराष्ट्रात अशी सवलत झाली की शेतजमीन किंवा राहते घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. बाकी खर्च वेगळा असतो, आजचा दर कचेरीत विचारून घ्यावा. एकदा दिले आणि बायकोने स्वीकारले की ते मनाला येईल तेव्हा परत घेता येत नाही. १९५६ च्या वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने ती त्या जमिनीची पुरी मालकीण होते. मात्र भावाभावांत वाटणी झालेली नसेल तर सामाईक जमिनीतला हिस्सा असा बक्षीस देता येत नाही. आधी वाटणी, मग बक्षीसपत्र. आम्ही उमरेडच्या शेताचा निम्मा हिस्सा माझ्या नावे केला. फेरफाराची नोंद मंजूर झाली आणि सातबारा हातात आला, तेव्हा हे तो दोनदा वाचून म्हणाले, “आता पेरणीचं मलेच तुले इचाराव लागन.” घरात हसू झाले.

कागदाने प्रेम वाढते असे मी म्हणणार नाही. वाईट माणूस कागद करूनही छळतो, आणि बाईच्या नावची जमीन तिचाच अंगठा घेऊन विकल्याची उदाहरणेही आहेत. पण आमच्या घरात कोणी वाईट नव्हते, तरी एका बाईचा गोफ गेला. चांगला माणूसही मरतो, विसरतो, भोळेपणाने पैसे देऊन बसतो. कागद त्या दिवसासाठी करायचा असतो.

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतील आणि घरोघर सतरंज्या पडतील. याद लिहायला बसाल तेव्हा मुलामुलीला आतल्या खोलीत ठेवू नका, बैठकीत बोलवा. मानपानाच्या दोन ओळी कमी झाल्या तरी चालतील. दागिने कोणाचे, घर कोणाच्या नावाने, कर्ज कोणी फेडायचे आणि आईबापांचे कोणी पाहायचे, एवढे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, लिहा, आणि त्यांची सही घ्या. मग महिन्याभरात त्या ओळींचे पक्के कागद करा. आणि ज्यांच्या लग्नाला २०-३० वर्षे झाली, त्यांनी आज संध्याकाळी पेटीतला सातबारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत तेवढे एकदा वाचावे.